माफ झालेला हँडपंप

सौंसरच्या टेकडीवरच्या वस्तीत वर्षातून एक दिवस असा यायचा की पोरं ताप आला म्हणून गोधडी ओढून पडायची, आणि पडल्या पडल्या खरोखरच ताप यायचा. निकालानंतरचा पहिला रविवार. संध्याकाळी बुद्धविहारापुढे सतरंज्या पडत, बाबासाहेबांच्या फोटोला हार चढे, आणि तुळशीराम विहाराच्या छपरावर चढून भोंग्याचं तोंड खालच्या बाजाराकडे फिरवी. मग खाली उतरून माईकमध्ये दोनदा फुंकर मारी आणि वस्तीतल्या एकूण एक पोराचे मार्क वाचून दाखवी. विषयवार. पास असो की नापास.

तुळशीराम विजेच्या खात्यात लाइनमन होता आणि भोंग्याची ही कल्पना त्याच्याच डोक्यातली. त्याला कारणही तसंच होतं. त्याच्या लहानपणी टेकडीच्या पोरांना शाळेत दाराजवळ बसवत. मास्तर सगळ्यांचे मार्क मोठ्याने वाचत, पण टेकडीचं पोर आलं की नुसती पाटी सरकवून देत, नाव घेत नसत. चौथीत तुळशीराम वर्गात दुसरा आला होता, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाही कळली नाही. पुढे शाळा सुटली. पण नोकरी लागल्यावर वस्तीनं वर्गणी काढून जयंतीसाठी भोंगा घेतला, तेव्हा तुळशीराम म्हणाला, "हा भोंगा वर्षभर काऊन झोपवता? आपल्या पोट्ट्यायचे मार्क बजारानं आयकले पायजे." म्हातारे दादारावजी विहाराचे अध्यक्ष. त्यांनी मान डोलावली आणि प्रथा पडली.

आणि बाजार ऐकायचाच. कारण पाच वर्षं भोंग्यावरचं पहिलं नाव एकच होतं, प्रतिभा तुळशीराम. शाळेत पहिली. पहिल्या वर्षी खालचा शिंपी दुसऱ्या दिवशी तुळशीरामला हाक मारून म्हणाला, "काय लाइनमनसाहेब, पोरगी पहिली आली म्हणे." त्या 'साहेब'वर तुळशीराम वर्षभर जगला. उगाच कशाला नाही म्हणायचं, माणसाला एवढा तरी आनंद हवा.

पण पहिली आलेल्या पोरीला पहिलंच यावं लागतं. प्रतिभा तिसरीत असताना भारी चौकस होती. एकदा बापाला तिनं विचारलं होतं, तारेवर चिमणी बसते तिला करंट काऊन लागत नाही? तुळशीरामला उत्तर येत होतं. रोजचंच काम त्याचं. पण दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता. तो म्हणाला, "हे पेपरात येत नाई. पाढे म्हण." पोरीनं पाढे म्हटले. पुढे तिनं विचारणंच सोडलं. आठवीला येईपर्यंत ती हातात कुंजी, म्हणजे तयार उत्तरांचं गाइड, घेऊन अंगणातल्या कडुलिंबाभोवती फेऱ्या मारायची आणि प्रश्नाखालचं उत्तर स्वल्पविरामासकट पाठ करायची. सगळं हिंदीत, कारण घरची बोली मराठी असली तरी राज्य हिंदी आणि शाळाही हिंदी. तिला पाणी भरायला पाठवायचं नाही, असा तुळशीरामचा हुकूम होता. तिच्या वाटच्या खेपा तिची आई चंद्रकला करी. अभ्यासात मोडता नको म्हणून घरात हसणंसुद्धा हळू आवाजात असे.

पाणी हा टेकडीचा मोठाच घोर होता. विहीर खाली, रघुनाथरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात. रघुनाथराव माणूस वाईट नव्हता, नाही म्हणत नसे. पण चैत्र लागला की झाडाला फळ धरलेलं, बगीच्याला पाणी आधी. पहाटेपासून मोटर चाले, आणि मोटर बंद होईपर्यंत बायका रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन बांधावर बसून राहत. दुसऱ्याच्या विहिरीवर असं बसून राहणं प्रत्येकीच्या जिवावर येई.

सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये बातमी आली की पाण्याच्या खात्याचे मोठे साहेब बुधवारी सौंसरात शिबिर लावणार, आणि शुक्रवारी पांढुर्ण्याला. जागच्या जागी अर्ज घेणार, हँडपंप मंजूर करणार. वर्षातून एकदाची संधी. मंगळवारी सगळी वस्ती विहारात जमली.

"अर्ज कोण लिहिन?" दादारावजींनी विचारलं, पण विचारायचं म्हणून. सगळ्या माना तुळशीरामच्या घराकडे वळल्या होत्या.

प्रतिभाला बोलावलं. आठ दिवसांवर तिची बोर्डाची परीक्षा. ती आली, कोरा कागद पुढे ओढला आणि कोणालाही काही न विचारता लिहायला लागली. न थांबता, न खोडता. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. "पोट्टीचा हात पाय, कसा चालून राहिला," कोणीतरी म्हणालं. पाच मिनिटांत अर्ज तयार. अक्षर असं की छापल्यासारखं. तुळशीरामनं कागद हातात घेतला, अक्षर पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. त्यानं अक्षरच पाहिलं, मजकूर वाचला नाही. जी पोरगी पाच वर्षं पहिली येते तिचं लिहिलेलं तपासायचं म्हणजे तिचा अपमान. कागद घरोघर फिरला, बेचाळीस घरांचे अंगठे आणि सह्या झाल्या. वाचला कोणीच नाही.

बुधवारी शिबिराच्या मंडपात बाजारची, खेड्यापाड्यांची माणसं दाटलेली. टेकडीचं नाव पुकारलं. दादारावजींनी अर्ज दिला. साहेबांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या, थांबले, आणि मग मोठ्याने वाचू लागले.

"सेवा में, श्रीमान साहब महोदय. विषय, हैंडपंप. सविनय निवेदन है कि मैं आपके विद्यालय की कक्षा आठवीं अ की नियमित छात्रा हूँ. मेरे पिताजी निर्धन हैं तथा हैंडपंप देने में असमर्थ हैं. अतः श्रीमान से प्रार्थना है कि मेरा हैंडपंप माफ करने की कृपा करें. आपकी आज्ञाकारी छात्रा."

खाली बेचाळीस अंगठे आणि सह्या.

मंडप हसला. मागच्या बाकांपर्यंत हसू पोहोचायला वेळ लागला, मग तिथलेही हसले. साहेब दुष्ट नव्हते, पण त्यांनाही हसू आवरेना. "ठीक है," ते म्हणाले, "आपका हैंडपंप माफ किया." आणि पुढचं नाव पुकारलं.

प्रतिभा बापाच्या मागे उभी होती. तुळशीरामनं वळून पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग म्हणून राहिला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, मग पोरीचा राग आला, मग तो राग आला याचीही लाज वाटली. मंडपाबाहेर लीलाबाई भेटली. लीलाबाई म्हणजे कुसुमची आई. मागच्या वर्षी भोंग्यावर तुळशीरामनं वाचलं होतं, कुसुम श्रावण, सातवी, गणित अकरा, अनुत्तीर्ण. त्यानंतर कुसुम शाळेत गेली नाही. बाजारातून जाताना पोरं तिला 'अकरा' म्हणून हाक मारत. आता ती आईसोबत मजुरीला जायची. लीलाबाई तुळशीरामकडे पाहून शांतपणे म्हणाली, "हे बी वाचजा भाऊ भोंग्यावर."

कुसुमचा निकाल वाचताना आपण आवाज जरासुद्धा खाली आणला नव्हता, हे तुळशीरामला आत्ता आठवलं.

घरी प्रतिभा कोपऱ्यात बसली ती उठेना. चंद्रकलानं ताट वाढलं, तिनं हात लावला नाही. तुळशीराम समोर बसला. ओरडायचं ठरवून बसला होता, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुले ठावूक नोतं का माय, आपल्याले हँडपंप पायजे म्हणून?"

"ठावूक होतं."

"मंग असं काऊन लिहिलं?"

प्रतिभानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बाबा, मले तीन अर्ज येतात. आजारपणाचा, बहिणीच्या लग्नाचा आन् फी माफीचा. मी कदी आजारी नोती, मले बहीण नाई. तरी पूरे मार्क भेटले. अर्जात खरं लिहायचं असते हे मले मालूमच नोतं."

ही पोरगी मूर्ख नाही, हे तुळशीरामला लख्ख कळलं. तिनं तेच केलं जे पाच वर्षं आपण तिच्याकडून करून घेतलं.

"शुक्रवारी साहेब पांढुर्ण्याले हाय," तो म्हणाला. "तू आन् मी जाऊ. दुसरा अर्ज घेऊन."

"शनिवारी शाळेत सराव परीक्षा हाय. गणित." ती घाबरून म्हणाली. "अन् मले चवथा अर्ज येत नाई."

"तं उद्या सकाळी मायसोबत पाण्याले जा," तुळशीराम म्हणाला. चंद्रकलानं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू बोलणारा दुसराच कोणी. मग तिनं मुकाट्यानं कोपऱ्यातला लहान गुंड काढून घासायला घेतला.

गुरुवारी पहाटे प्रतिभा दोन वर्षांनी पाण्यासाठी टेकडी उतरली. मोटर चालू होती. बांधावर बायका आणि पोरी बसल्या होत्या. तिला पाहून सगळ्यांनी माना वळवल्या, मंडपातलं कालचं हसू अजून सगळ्यांच्या अंगावर होतं. ती कुठं बसावं ते न कळून उभी राहिली. कुसुमनं सरकून जागा केली.

मोटर थांबायला नऊ वाजले. गुंड भरून डोक्यावर घेतला आणि चढावर प्रतिभाचे पाय लटपटायला लागले. शेजारून चालणाऱ्या कुसुमचे ओठ हलताना दिसले.

"काय म्हणून राहिली?"

"पावलं मोजून राहिली. तीनशे बारा होतात. मोजलं का चढ कमी वाटते."

"रोज मोजते?"

"रोजच. एका घरी पाच खेपा. लगन असलं तं जादा."

प्रतिभानं मनातल्या मनात गुणाकार केला आणि चढावरच थांबली. "कुसुम, तुले एवढा हिशेब येते, मंग गणितात अकरा कसे आले?"

कुसुम हसली. "उन्हाळ्यात सकाळची शाळा राहते. गणिताचा तास पयला. मी तवा इथंच बांधावर राहो."

प्रतिभानं घरी जाऊन कुंजी उघडली नाही. दुपारभर ती कुसुमला घेऊन घरोघर फिरली आणि विचारत सुटली. किती खेपा? मोटर कधी बंद होते? कोणाच्या पोरी पाण्याला येतात? बायका आधी लाजल्या, मग बोलायच्या थांबेनात. संध्याकाळी ती लिहायला बसली तेव्हा पाच मिनिटांत काही झालं नाही. तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सहा कागद वाया गेले. एकदा ती रडलीही. तुळशीराम बाजेवर बसून होता. चांगली ओळ कोणती ते त्याला सांगता येत नव्हतं, पण खोडणारी आपली पोरगी तो पहिल्यांदा बघत होता आणि त्याला ती आवडली.

शुक्रवारी दोघं पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. प्रतिभाच्या पिशवीत गणिताची कुंजी होती. बस सुटली, रस्त्याकडेचे खांब मागे पडायला लागले. प्रतिभा खिडकीतून तारांकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तारेवरच्या चिमणीले करंट काऊन नाई लागत?"

पाच वर्षांनी तोच प्रश्न आला होता. तुळशीरामनं आधी घसा साफ केला. "चिमणी एकाच तारेवर बसते ना. करंटले तिच्यातून जाऊन कुठं निंघाले वाट नाई. दोन तारा एकदम शिवल्या का खतम. वटवाघूळ पंख पसरते, दोन्ही तारांले लागते, म्हणून मरते."

"मंग तुमी खांबावर चढता तवा?"

तेही त्यानं सांगितलं. मग रबराचे हातमोजे, मग फ्यूज, मग पावसाळ्यात तार तुटली तर काय करायचं. पांढुर्णा येईपर्यंत पोरीचे प्रश्न संपले नाहीत आणि कुंजी पिशवीतच राहिली. मागच्या बाकावरचा माणूससुद्धा पुढे वाकून ऐकत होता. चौथी पास तुळशीरामला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला बरंच काही येतं.

साहेबांनी त्यांना ओळखलं. "फिर कुछ माफ करवाना है?" ते म्हणाले. शेजारचे कारकून हसले. प्रतिभा मागे सरली नाही. तिनं कागद पुढे केला. साहेब वाचायला लागले आणि वाचता वाचता त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी कागद खाली ठेवला नाही, पुन्हा वरून सुरुवात केली.

"ये दो सौ दस कहाँ से आया?"

"बयालीस घर, साहब, हर घर की पाँच खेप. शादी-ब्याह की अलग."

"और कदम किसने गिने?"

"कुसुम ने. उसका नाम नीचे सबसे पहले है."

साहेबांनी मान वर करून तुळशीरामकडे पाहिलं. "आपकी बेटी है?"

"हो जी," तुळशीराम मराठीतच म्हणाला. हिंदी त्याला त्या घडीला सापडली नाही.

साहेबांनी कागदावर लाल शाईनं काहीतरी लिहिलं आणि तो वेगळ्या फाइलीत ठेवला.

सराव परीक्षेत प्रतिभाला गणितात शंभरपैकी चाळीस मिळाले. मास्तर चिडले. पुढच्या बुधवारी बोर्डाचा खरा पेपर झाला तेव्हा तिनं घरी येऊन सांगितलं की दोन गणितं कुंजीतली नव्हती, ती तिनं स्वतःच्या डोक्यानं सोडवली, पण त्यात वेळ गेला आणि पाठ असलेली दोन राहून गेली. हे सांगताना ती खूश होती. तुळशीराम म्हणाला, "बरं केलं."

सरकारी गाडी सांगितल्या दिवशी आली नाही, हे सांगायला नको. आज येते, उद्या येते करत मे महिना सरत आला. वस्तीतल्या लोकांनी दोनदा आशा सोडली. आणि एका दुपारी टेकडीच्या चढावर बोअरिंगच्या मशीनचा घरघराट ऐकू आला. दोन दिवस धूळ उडाली. तिसऱ्या दिवशी विहारासमोर हँडपंप उभा राहिला. पहिला दांडा दादारावजींनी मारला, दुसरा लीलाबाईनं. गार पाणी आलं. चंद्रकला ओंजळ तोंडाशी धरून तशीच उभी राहिली आणि मग पिण्याऐवजी तिनं ते पाणी डोळ्यांना लावलं.

जूनमध्ये निकाल लागला. प्रतिभाला एकसष्ट टक्के. पास, पहिल्या वर्गात, पण शाळेत सहावी. रविवारी सतरंज्या पडल्या, फोटोला हार चढला. पोरं नेहमीसारखी गोधडीत शिरली होती. तुळशीराम छपरावर चढला आणि भोंग्याचं तोंड बाजाराकडे फिरवलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आज हा माणूस स्वतःच्या पोरीचा सहावा नंबर बाजाराला ऐकवणार होता.

खाली येऊन तुळशीरामनं माईकमध्ये फुंकर मारली. "निकाल ज्याचा त्याच्या घरी पोचला हाय," तो म्हणाला. "आजपासून भोंग्यावर मार्क वाचनार नाई. मागं वाचले, त्यात माह्यी चूक झाली. आज एक अर्ज वाचतो, ही त्याची नक्कल. हिंदीत हाय, मी आपल्या बोलीत सांगतो."

आणि त्यानं वाचलं. "आमच्या टेकडीवर बेचाळीस घरं हायेत. पाणी खालून आणा लागते. चढ तीनशे बारा पावलांचा. रोज दोनशे दहा खेपा होतात, अन् सगळ्या बायका-पोरी करतात. विहीर दुसऱ्याची हाय. तो देते, पण त्याची मोटर बंद होयेपर्यंत आमाले बसा लागते. त्याच्यानं दहा पोरींचा शाळेतला पयला तास रोज बुडते. अकराव्या पोरीची शाळाच सुटली. मी रोज पयल्या तासाले जात होती, कारण माह्या वाटचं पाणी माही माय भरत होती. आमाले हँडपंप पायजे."

गोधडीतली पोरं एकेक करून दारात येऊन उभी राहिली होती. तुळशीरामचा आवाज फाटला होता, तरी त्यानं तो खाली आणला नाही.

"मोजलं कोणं, तं कुसुम श्रावण. लिहिलं कोणं, तं प्रतिभा तुळशीराम." त्यानं कागदाची घडी घातली. "कुसुम येत्या एक तारखेपासून पुन्हा शाळेत चालली हाय. एवढंच."

कोणी टाळी वाजवली नाही, कारण टाळीचं कोणाला सुचलंच नाही. कुसुम आईच्या पदराआड तोंड लपवून बसली होती. तिच्या शेजारी प्रतिभा.

लीलाबाई उठून उभी राहिली. तिनं पदर नीट केला आणि एकदा भोंग्याकडे, एकदा खाली बाजाराच्या दिव्यांकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "पोरीचं नाव अजून एकडाव वाचा. बजारात गेलं नसन."